अंगणातील रथकार

(घरच्या घरी मोटार व फटफटी बांधून तिची शर्यत लावणे : एका उपेक्षित कौटुंबिक छंदाविषयी)

छंद आणि व्यसन ह्यांतील भेद पुष्कळ वेळा विषयावर अवलंबून नसतो, तो घराच्या वृत्तीवर अवलंबून असतो. एकाच गायनकलेमुळे एका घरात विद्या नांदते व दुसऱ्या घरात उधळपट्टी माजते, हे आपण पाहतो. वाहनाचा वेग हाही असाच दुधारी विषय आहे. आज सुशिक्षित कुटुंबाच्या दारात निदान एक फटफटी उभी नाही असे घर विरळा. आणि त्या घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे चित्त त्या फटफटीत गुंतलेले नाही, असे घर त्याहूनही विरळा. वडील मंडळी ह्या ओढीकडे बहुधा दोन प्रकारांनी पाहतात. कोणी मुलाच्या हट्टापुढे नमून भारी किमतीचे वाहन त्याच्या हाती देतात. कोणी वाहनाचे नावही काढू देत नाहीत. पहिल्या प्रकारात मुलाच्या हाती वेग येतो, पण ज्ञान येत नाही. दुसऱ्या प्रकारात तो मित्राची गाडी मागून, घरी न सांगता, हमरस्त्यावर आपली हौस भागवितो.

ही गोष्ट केवळ शिस्तीची नाही, जिवाची आहे. २०२२ ह्या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवर होती. ह्या आकड्यामागे किती घरांतील दिवे विझले असतील ह्याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी.

ह्या दोन मार्गांखेरीज तिसरा एक मार्ग आहे, व त्याची शिफारस करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. गाडी विकत न घेता ती घरच्या अंगणात, घरच्या माणसांनी मिळून बांधावी. आणि तिची शर्यत रस्त्यावर न लावता आखलेल्या, बंदिस्त जागेत लावावी. परदेशांत हा छंद कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे त्याची बीजे नाहीत असे मुळीच नाही. मात्र त्यांस पाणी घालणारे हात थोडे आहेत.

ऋभूंची परंपरा

यंत्राचे नाव काढताच ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणण्याची सवय आपल्या लेखणीजीवी घराण्यांस जडलेली आहे. परंतु ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो तिच्याकडे वळून पाहिले, तर चित्र निराळेच दिसते. ऋग्वेदात ऋभू, विभ्वन् व वाज ह्या तीन भावांची स्तुती वारंवार येते. हे सुधन्व्याचे पुत्र. जन्माने ते देव नव्हते. हस्तकौशल्याच्या बळावर त्यांनी देवत्व मिळविले. अश्विनीकुमारांसाठी त्यांनी जो रथ घडविला त्याला घोडा नव्हता, लगाम नव्हता आणि चाके तीन होती, असे त्या सूक्तांत वर्णन आहे. ह्यावरून वेदकाळी मोटारी धावत होत्या असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. कवीच्या कल्पनेने रंगविलेला तो रथ आहे. परंतु तीन भाऊ एकत्र बसून एक वाहन घडवितात आणि त्या कारागिरीसाठी त्यांस यज्ञात वाटा मिळतो, ही कल्पना ज्या समाजाने पूज्य मानली, त्या समाजाच्या वंशजांनी हात काळे होण्याला लाजावे, हे आश्चर्य होय.

मीमांसाशास्त्रातील रथकाराधिकरण प्रसिद्ध आहे. रथ बांधणाऱ्याने पावसाळ्यात अग्न्याधान करावे असे श्रुतीत सांगितले असल्यामुळे, तो त्रैवर्णिकांबाहेरचा असला तरी त्याला तो अधिकार आहेच, असा निर्णय तेथे दिला आहे; आणि त्याने ते आधान ऋभूंच्या नावाने करावयाचे असते. शर्यतीचेही तसेच. वाजपेय यज्ञात सतरा रथांची धाव हा विधीचा भाग आहे. यजमानाचाच रथ पुढे यावा अशी तेथे योजना असते ही गोष्ट वेगळी. तरी रथ बांधणे व रथ पळविणे ही दोन्ही कामे धर्मकृत्याच्या मांडवात बसत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आणि इतके मागे तरी कशाला जावे? आमच्या मराठवाड्यात व शेजारच्या विदर्भात शंकरपट कोणास ठाऊक नाही? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रास त्या भरविण्याची अटींसह मोकळीक मिळाली, व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या पटाची तयारी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की, शर्यत काही क्षणांची असते, परंतु तिच्यामागे सबंध घर वर्षभर राबत असते. आजोबा बैलाची निवड करतात, सुना वैरण-पाणी पाहतात, धाकटा नातू खरारा करतो, सुतार हलकी छकडी घडवितो. मोटारीच्या शर्यतीचा कौटुंबिक छंद ह्याहून निराळा नाही. बैलांच्या जागी एंजिन आले इतकेच.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे

लेखणीजीवी घराण्यांतून यंत्राकडे वळलेला पहिला मोठा पुरुष म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घ्यावयाचे. मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिकविणारा हा गृहस्थ बेळगावात सायकली विकू व दुरुस्त करू लागला, आणि त्या दुकानातून पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. परंतु प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांचे आहे.

शंकररावांचे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. सामान्य कुटुंबास परवडेल अशी लहान मोटार आपण बांधावी असे त्यांनी मनात घेतले व १९४९ साली दोन माणसांपुरती पहिली गाडी सिद्ध केली. तिचे नाव ‘मीरा’. त्या काळी मोटार ही संस्थानिकांची व बड्या व्यापाऱ्यांची वस्तू होती. इचलकरंजीसारख्या मागांच्या गावी एकाने ती हाताने घडवावी, ही गोष्ट किती धाडसाची! शंकरराव पहिल्या गाडीवर संतुष्ट राहिले नाहीत. पुढे सुमारे पाव शतक ते एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या काढीत राहिले. सुमारे बारा हजार रुपयांत ही गाडी द्यावी असा त्यांचा बेत होता. परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचा योग आला नाही, आणि लोकांच्या छोट्या मोटारीचे श्रेय १९८३ साली बाहेर पडलेल्या मारुतीस मिळाले.

ह्या कथेचा शेवट वाचून हळहळ वाटते खरी, पण तिच्यातून घ्यावयाचा धडा हळहळीचा नव्हे. कारखाना झाला नाही म्हणून गाडी झाली नाही असे थोडेच आहे? गाडी झाली, ती धावली, आणि सातवी शिकलेल्या माणसाने एंजिन, गियर व सुकाणू ह्यांचे शास्त्र अनुभवाने हस्तगत केले. छंदाच्या दृष्टीने पाहता हा पूर्ण विजय होय. व्यापाराचे माप छंदाला लावू नये.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे, व यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार ह्या कारागिराने आपल्या मुलाची हौस पुरविण्यासाठी भंगारातील सुट्या भागांची जुळवाजुळव करून एक चिमुकली चारचाकी बांधली. दुचाकीप्रमाणे ती किक मारून सुरू होत असे. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. २०२१ च्या डिसेंबरात तिचे चलच्चित्र देशभर पसरले. महिंद्र उद्योगसमूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्र ह्यांनी तिची वाखाणणी केली, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर येऊ देणार नाहीत, हे ओळखून तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती अदलाबदल झाली. ह्या प्रसंगातील दोन्ही बाजू ध्यानात घेण्यासारख्या आहेत. कारागिरी पाहून उद्योगपतीलाही कौतुक वाटले. आणि त्याच कौतुकात कायद्याची जाणीवही होती. घरी बांधलेली गाडी कितीही सुबक असली तरी सार्वजनिक रस्ता तिचे स्थान नव्हे. तिचे स्थान कोणते, ते पुढे पाहू.

पिता-पुत्रांच्या शर्यती

आपल्याकडील ही दोन्ही उदाहरणे बांधणीची झाली. बांधणीला शर्यतीची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी थोडे परदेशी जावे लागते. लंडनजवळ सर्बिटन येथे चार्ल्स कूपर ह्यांचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते. महायुद्ध संपले त्या सुमारास, १९४६ साली, त्यांनी व त्यांचा पुत्र जॉन ह्याने शर्यतीची एक स्वस्त गाडी बांधावयाचे ठरविले. नवे सामान दुर्मिळ होते. तेव्हा बापलेकांनी दोन जुन्या फियाट गाड्यांचे पुढचे भाग कापून ते पाठीस पाठ लावून जोडले, आणि मोटारसायकलचे एकसिलिंडरी एंजिन चालकाच्या मागे बसविले. मागे का? तर एंजिनापासून मागच्या चाकांस साखळी नेण्यास ते सोयीचे पडे म्हणून! त्या काळी शर्यतीच्या गाड्यांचे एंजिन पुढे असावे हा जवळजवळ सर्वमान्य संकेत होता. तेरा वर्षांनी, १९५९ मध्ये, ह्याच घरच्या, एंजिन मागे असलेल्या गाडीत बसून जॅक ब्रॅबॅमने जगाचे अजिंक्यपद जिंकले, व १९६० मध्ये पुन्हा जिंकले. त्यानंतर थोड्याच वर्षांत साऱ्या जगाने एंजिन मागे नेले. दुकानाच्या कोपऱ्यातील एका काटकसरीने मोठमोठ्या कारखान्यांची रीत बदलली.

त्याच देशात १९३९ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाच्या लहान व स्वस्त मोटारीच्या शौकिनांनी एक मंडळ स्थापन केले. तिच्या एंजिनाच्या आकारावरून मंडळाचे नाव ‘७५० मोटर क्लब’ असे पडले. थोडक्या पैशांत, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या गाड्या शर्यतीत उतरवाव्यात, हा ह्या मंडळाचा बाणा. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ‘लोटस’ गाड्यांचा जनक कॉलिन चॅपमन ह्याने १९४८ साली आपली पहिली गाडी एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधली. ती कोठे? तर पुढे आपली पत्नी झालेल्या तरुणीच्या आईबापांच्या घरामागील कोठडीत. भावी सासऱ्याने ती जागा नाकारली असती, तर मोटारींचा इतिहास थोडा निराळा लिहावा लागला असता!

फटफटीचे उदाहरण न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो ह्यांचे. ह्या गृहस्थांनी १९२० साली एक ‘इंडियन’ जातीची फटफटी घेतली आणि उभे आयुष्य तिच्यावर वेचले. एंजिनातील दट्टे ते घरीच साच्यांत ओतून घेत. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या खारट मैदानावर त्यांनी आपल्या वर्गातील वेगाचा उच्चांक केला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाच्या ध्यानात आले की, दोन फेऱ्यांची सरासरी काढताना तेव्हा हिशेबात चूक झाली आहे. २०१४ साली ती दुरुस्त करण्यात आली व तासाला १८४·०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, हा खरा आकडा नोंदला गेला. वडील १९७८ मध्येच वारले होते. वडिलांच्या पश्चात त्यांच्या वेगाचा हिशेब पुन्हा तपासून पाहणारा पुत्र, ह्याहून कौटुंबिक छंदाचे सुंदर चित्र कोणते असू शकेल?

गाडी काय शिकविते?

शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला ह्या छंदाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते त्यातील शिक्षणाचे. वर्गात फळ्यावर मांडलेले त्रैराशिक मुलगा परीक्षेपुरते ध्यानात ठेवतो. साखळीच्या दातेरी चाकांवर मांडलेले तो जन्मभर विसरत नाही. समजा, गियरपेटीच्या दांड्यावरील चाकाला बारा दाते आहेत व मागील आसावरील चाकाला छत्तीस. दांडा मिनिटास अठराशे फेरे घेत असेल, तर आस सहाशे घेईल. गाडीच्या चाकाचा व्यास बत्तीस सेंटिमीटर असल्यास परीघ सुमारे एक मीटर भरतो. म्हणजे मिनिटास सहाशे मीटर, तासाला छत्तीस किलोमीटर. आता मागचे चाक छत्तिसाऐवजी अठ्ठेचाळीस दात्यांचे लावले तर? वेग उतरून सत्तावीस होतो, पण चढावर जोर वाढतो. हे कागदावर मांडून नंतर अंगणात पडताळून पाहिलेल्या मुलास गुणोत्तराची भीती पुन्हा कधी वाटणार नाही.

वळणाचे कोडे तर ह्याहून रम्य आहे. गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावरून जाते व बाहेरचे मोठ्या. म्हणून पुढची दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली तर एक चाक घसटत जाते. १८१७ साली, घोडागाड्यांच्या काळात, म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या कारागिराने ह्यावर तोड काढली. लंडनमधील त्याच्या प्रतिनिधीने, ॲकरमनने, पुढल्या वर्षी तिचे पेटंट घेतले, आणि जगात नाव राहिले ते ॲकरमनचे. चाके वळविणाऱ्या दोन लहान भुजांच्या रेषा मागे वाढविल्या असता त्या मागील आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात, इतके साधे त्या तोडीचे सूत्र आहे. एक दोरी व एक खडू घेऊन ओसरीवर ही आकृती काढता येते.

मागल्या चाकांचेही तेच. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून वळताना अडचण येत नाही. मोटारीत एंजिनाचा जोर आसातूनच चाकांस द्यावयाचा असल्यामुळे, दोन्ही चाकांस निरनिराळ्या गतीने फिरू देणारे ‘डिफरन्शियल’ नावाचे यंत्र मध्ये बसवावे लागते. परंतु शर्यतीच्या लहानात लहान गाडीत, म्हणजे ‘कार्ट’मध्ये, तेही नसते. कार्टचा जन्म १९५६ साली अमेरिकेत झाला. आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे एंजिन बसवून ती सिद्ध केली. डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर तिचा सांगाडा किंचित पिळवटतो व आतले मागचे चाक जमिनीवरून क्षणभर उचलले जाते. नळी फार ताठ असेल तर गाडी वळत नाही; फार लवचिक असेल तर ताब्यात राहत नाही. ह्या एका प्रश्नावर पिता-पुत्रांच्या कित्येक संध्याकाळी सुखाने जाव्यात.

प्रथम प्रयत्न करणाऱ्या घराने कार्टपासूनच आरंभ करावा हे उत्तम. तीत स्प्रिंगा नाहीत, दारे नाहीत, छप्पर नाही. गाडी जमिनीसरशी असल्यामुळे उलटण्याचा संभव कमी. नळ्यांचा सांगाडा, जुन्या स्कूटरचे एंजिन, साखळी, मागील आस, चार लहान चाके, सुकाणू, आणि सर्वांआधी ब्रेक. आमच्या हट्ट्यासारख्या लहान गावीसुद्धा वेल्डिंग करणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री व भंगारवाला ही त्रयी सापडते; वसमत तालुक्यात तर हळदीच्या हंगामाची यंत्रे दुरुस्त करणारे कुशल हात पुष्कळ आहेत. ह्या मंडळींस ‘कामगार’ म्हणून न बोलाविता ‘गुरुजी’ म्हणून बोलवावे. विद्या ज्याच्यापाशी असेल त्याच्यापाशी नम्रपणे बसावे, हा आपल्या घरांतील जुनाच संस्कार आहे. त्याला फक्त कारखान्याचा उंबरठा ओलांडावयास शिकवावयाचे.

आणि ह्या कामात एकत्र कुटुंबाइतकी सोयीची संस्था दुसरी नाही. वडिलांनी सामान आणावे, काकांनी मोजमापे पाहावीत, मोठ्या मुलांनी कानस व पाना चालवावा, धाकट्यांनी नट-बोल्ट रॉकेलात धुऊन डब्यांत लावून ठेवावेत. जमाखर्च घरातील गृहिणीच्या हाती असावा; कारण खर्चास आळा घालण्याचे जे कौशल्य तिच्यापाशी असते ते इतरांपाशी नसते. मुलींस ह्यातून वगळणे हा तर शुद्ध वेडेपणा होईल. पुण्याच्या डायना पंडोल ह्या व्यवसायाने शिक्षिका व दोन मुलांची आई. २०२४ साली मद्रासच्या मार्गावर त्यांनी मोटार-शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि असे पद मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. घरातील आजोबांनी काय करावे? त्यांनी घड्याळ व वही हाती घ्यावी. कोणत्या दिवशी कोणता बदल केला व त्याने किती सेकंदांचा फरक पडला, ह्याची नोंद करणारा निःपक्षपाती माणूस घरात दुसरा कोण मिळणार?

शर्यत कोठे व कशी?

आता धोक्याविषयी. आमच्या हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगी येथील चोवीस वर्षांच्या एका बुद्धिमान कारागिराने घरच्या घरी हेलिकॉप्टर बांधले होते. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात चाचणीच्या वेळी त्याचा पंखा तुटून डोक्यावर आघात झाला व तो तरुण गेला. त्याच्या कारागिरीचे कौतुक करणारे नंतर पुष्कळ निघाले. कौतुक आधी यावे लागते. आणि ते पोकळ शब्दांनी न येता दोरी, काठी, शिरस्त्राण आणि ‘आज चाचणी नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला वडीलधारा माणूस, ह्या रूपाने यावे लागते.

म्हणून काही नियम प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावेत. घरची गाडी रस्त्यावर न्यावयाची नाही, शेजारच्या गल्लीपर्यंतही नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास १९९-अ ह्या कलमाखाली पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. कंपनीतून आलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करून ती रस्त्यावर चालविणेही निषिद्ध आहे. दुसरा नियम असा की ब्रेक तयार झाल्यावाचून एंजिन बसवावयाचे नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. तीस किलोमीटर वेगाने जी गाडी ब्रेक लावल्यावर सहा मीटरांत थांबते, ती साठ वेगाने चोवीस मीटर मागते. आणि साठच्या वेगाने जाणारा माणूस ब्रेक दाबण्याचा विचार करीपर्यंत, त्या एका सेकंदात, जवळजवळ सतरा मीटर पुढे गेलेला असतो. तिसरा नियम शिरस्त्राण, हातमोजे व बंद जोडे ह्यांचा. साखळीवर पत्र्याचे झाकण हवेच, आणि सैल वस्त्रे व मोकळे केस ह्यांस गाडीजवळ मज्जाव असावा.

शर्यतीची सर्वांत निर्धोक रीत म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेली. रब्बीचे पीक निघाले की सपाट रान रिकामे होते. तेथे चुन्याने वेडावाकडा मार्ग आखावा, वळणांवर जुने टायर ठेवावेत, आणि एका वेळी एकच गाडी सोडावी. टायरला धक्का लागल्यास दोन सेकंद अधिक धरावेत. पाहणाऱ्यांनी दोरीबाहेर, मार्गापासून दूर बसावे. जगात ह्या प्रकारास ‘ऑटोक्रॉस’ म्हणतात. ह्यात सर्वांत जोरकस एंजिनवाला जिंकत नाही, हात व डोके शांत असलेला जिंकतो. कित्येकदा वीस वर्षांच्या पुतण्यास पन्नाशीचा काका मागे टाकतो, आणि त्या दिवसाचे जेवण घरास चांगले गोड लागते.

ज्यांस ह्यापुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी देशात आता रीतसर मार्ग आहेत. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने कित्येक वर्षे शोळावरम येथील युद्धकालीन विमानपट्टीवर शर्यती भरविल्या. नंतर १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे खास मार्ग बांधला. कोइमतूरच्या करिवर्धन ह्यांनी मारुतीचे एंजिन बसवून एका माणसाची, स्वस्त अशी शर्यतीची गाडी आपल्या देशातच बांधली, आणि तीतून तरुण चालकांची एक पिढी घडली. १९९५ साली विमान-अपघातात त्यांचे निधन झाले; २००३ मध्ये उघडलेला कोइमतूरचा मार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फॉर्म्युला वन शर्यतीत २००५ साली उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हाही ह्याच गावचा, व त्याचे वडील स्वतः रॅलीचे नामांकित विजेते होते. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर येथे मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर राष्ट्रीय दर्जाच्या कार्ट-शर्यती झालेल्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांसाठी २००७ साली ‘बाहा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत मुलांनी स्वतः आखलेली व बांधलेली गाडी इंदूरजवळच्या पीथमपूर येथे खाचखळग्यांतून चालवून दाखवावी लागे, आणि परीक्षक केवळ वेग न पाहता रचनेची कारणे व खर्चाचा हिशेबही विचारीत. अंगणात कार्ट बांधलेला मुलगा अशा परीक्षेत गोंधळत नाही; कारण ‘हा तुकडा येथेच का?’ हा प्रश्न त्याला घरी आजोबांनी शंभर वेळा विचारलेला असतो.

दोन शंका

‘ह्याने अभ्यासाचे नुकसान होईल’ ही पहिली शंका. ती अगदीच निराधार नाही. म्हणून काम आठवड्यातून एका दिवसापुरते व सुट्टीपुरते ठेवावे. परंतु हाती दूरध्वनीचे यंत्र घेऊन दुसऱ्याने चालविलेल्या गाड्यांची चित्रे पाहण्यात जे तास जातात, त्यांचा हिशेब आपण विचारतो काय? दुसरी शंका पैशाची. नव्या, वेगवान फटफटीची किंमत आज लाखांत जाते. देवराष्ट्र्याची सबंध चारचाकी साठ हजारांत झाली, हे वर सांगितलेच आहे. शिवाय विकत आणलेली गाडी दारात आल्या दिवसापासून किमतीने उतरते. बांधलेली गाडी पैशाने उतरली तरी तिच्यामागे राहणारे ज्ञान उतरत नाही.

ह्या दोन्ही शंकांपेक्षा मोठी गोष्ट आहे ती मुलाच्या मनात वेगाविषयी उत्पन्न होणाऱ्या आदराची. ज्याने ब्रेकची तार स्वतः ओवली आहे त्याला ती तुटली तर काय होईल हे ठाऊक असते. ज्याने सांगाड्याचा सांधा स्वतः जोडला आहे, तो त्यावर नको तितका भार टाकीत नाही. हमरस्त्यावर बेभान गाडी हाकणारा मुलगा शूर असतो असे नव्हे. यंत्राच्या पोटात काय चालले आहे ह्याचा त्याला पत्ताच नसतो. तो अडाणीपणा घरच्या अंगणातच घालविता येण्यासारखा आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या घराने एवढेच करावे : अडगळीत पडलेली जुनी स्कूटर बाहेर काढावी, अंगणात ताडपत्री अंथरावी, आणि तिचा प्रत्येक भाग सुटा करून, पुसून, नाव लिहून मांडावा. पुन्हा जोडताना दोन नट उरले तर निराश होऊ नये. ते कोठले, हे शोधण्यातच ह्या विद्येचा श्रीगणेशा आहे.